पत्रात बंदीची मागणी नव्हती : सोलापुरातल्या एका भयपटाच्या खेळाचं प्रकरण

ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत. चित्रपटाचं नावही मुद्दाम दिलेलं नाही. नाव दिलं की बोलणं त्या एका चित्रपटाच्या बऱ्यावाईटावर घसरतं, आणि या प्रकरणात जे चुकलं आणि जे सावरलं ते बरंचसं पडद्याबाहेर घडलं.

## पार्श्वभूमी

सोलापुरातलं एक जुनं चित्रपट मंडळ. सभासद दीडशेच्या आसपास, वर्गणी वर्षाला सहाशे रुपये. दर महिन्याच्या चौथ्या रविवारी संध्याकाळी सातला खेळ, मग चहा आणि अर्धा तास गप्पा. सभागृह एका विश्वस्त संस्थेचं, भाड्यानं घेतलेलं, खुर्च्या १८०. सभासदांत निवृत्त शिक्षक, वकील, डॉक्टर, बँकेतले लोक आणि अलीकडे महाविद्यालयातली मुलंमुली. स्त्रिया चाळीसएक, नऊ जणांच्या कार्यकारिणीत मात्र एकच.

एका महिन्यासाठी मंडळानं हिंदी भयपट निवडला. प्रमाणपत्र ‘ए’, म्हणजे अठरा पूर्ण झालेल्यांसाठीच. बांधणी ‘स्लॅशर’ची: मुखवट्याआडचा मारेकरी, तरुण मंडळींचा गट, धारदार हत्यार, एकामागून एक बळी आणि शेवटी उरलेली एक मुलगी. हा साचा अमेरिकेत १९७८ च्या ‘हॅलोवीन’नं रुळवला; त्याची मुळं १९६० च्या ‘सायको’पर्यंत जातात. या चित्रपटानं त्यात ऐंशीच्या दशकातल्या हिंदी भयपटांची हवेली आणि न्हाणीघरही आणून ठेवलं होतं.

असा चित्रपट मंडळानं दाखवूच नये, असं म्हणायला जागा नाही. भयपट गंभीरपणे पाहणारा प्रेक्षक सोलापुरात आहे आणि त्यात मुली भरपूर आहेत. निवड चुकीची नव्हती. चूक पुढच्या आठवड्यात सुरू झाली.

## फ्लेक्स आणि पत्र

जाहिरातीसाठी चार बाय तीन फुटांचे पाच फ्लेक्स छापले. निर्मात्यांच्या अधिकृत पोस्टरवर फक्त एक बंद दार आणि दाराखालून येणारा उजेड होता. त्यानं गर्दी होणार नाही म्हणून एका उत्साही सभासदानं घरीच संगणकावर दुसरं चित्र जुळवलं: फरशीवरून ओढत नेलेल्या बाईचे उघडे पाय, मागे फुटलेल्या हिरव्या बांगड्या, चेहरा चौकटीबाहेर, वर लाल अक्षरांत ‘ती घरात एकटी आहे’. चित्रपटात असं दृश्य नाही. हिरव्या बांगड्या घातलेलं एकही पात्र नाही. या सगळ्या प्रकरणातलं स्त्रीबद्दलचं सगळ्यात हिणकस चित्र निर्मात्यांनी काढलेलं नव्हतं, मंडळानं काढलं होतं. हे कार्यकारिणीच्या लक्षात यायला आठ दिवस गेले.

चार फ्लेक्स नवी पेठ आणि सात रस्त्याच्या बाजूला लागले. पाचवा पूर्व भागात, विडी कारखान्याच्या एका शाखेकडे जाणाऱ्या रस्त्यावर, खांबाला बांधला. वळलेल्या विड्या द्यायला आणि पानं-तंबाखू घ्यायला शेकडो बायका रोज त्याच रस्त्यानं जातात. कोणाला पाच-सहा वर्षांची पोर बरोबर घ्यावी लागते.

खेळाला तेरा दिवस उरले असताना मंडळाकडे हातानं लिहिलेलं पत्र आलं. खाली अकरा जणींची नावं, त्यांतल्या दोघींचे अंगठे. मजकूर अर्ध्या पानाचा, मागण्या तीन: रस्त्यावरचं चित्र काढावं, चित्रपटात काय आहे ते आधी सांगावं, खेळ झाल्यावर आम्हाला बोलायला वेळ द्यावा.

सचिवांनी सभासदांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलं ते असं : ‘महिलांचा खेळाला विरोध. रद्द करण्याचा दबाव येऊ शकतो.’ पत्राचा फोटो टाकला नाही. संध्याकाळपर्यंत गटावर साठेक निरोप आले. अभिव्यक्तिस्वातंत्र्य, सेन्सॉर, ‘आता काय पाहायचं तेही विचारायचं का’ असं सगळं आलं. पत्र वाचलेले त्यांत दोघेच होते.

दुसऱ्या दिवशी एका संस्कृतिरक्षक संघटनेचं छापील पत्र आलं. त्यात खेळ रद्द करा, नाहीतर सभागृहासमोर आंदोलन करू असं स्पष्ट लिहिलं होतं. बैठकीच्या विषयपत्रिकेवर दोन्ही पत्रं एकाच ओळीत गेली: ‘आलेल्या आक्षेपांबाबत विचार’. या एका ओळीनं बरंच नुकसान केलं.

## आक्षेप कोणाचे आणि कशाला

बैठकीत पहिला पाऊण तास ‘या लोकांना काय उत्तर द्यायचं’ यावर गेला. मग कार्यकारिणीतल्या एकमेव बाई म्हणाल्या, “सर, ते पत्र एकदा मोठ्यानं वाचा की.” वाचल्यावर खोलीत कोणी काही बोललं नाही. बंदी हा शब्दच पत्रात नव्हता.

पहिला खरा निर्णय इथे झाला: आक्षेप एकत्र न मोजता प्रत्येकाचं म्हणणं वेगळ्या कागदावर लिहायचं. कोण म्हणतंय, नेमकं कशाला म्हणतंय, आणि मागतंय काय. तीन रकाने भरल्यावर निदान चार वेगळ्या गोष्टी समोर आल्या.

विडी कामगार बायकांचा आक्षेप चित्रपटाला जवळजवळ नव्हताच. तो रस्त्याला होता. दोन पदाधिकारी भेटायला गेले तेव्हा त्यांच्यातली मराठी बोलणारी एक अक्का म्हणाली, “आम्ही बंद करा म्हणलंय का कुठं? चित्र काढा म्हणलंय. आमच्या पोरी रोज त्याच्या खालनं जातात.” आणि निघताना दुसरीनं विचारलं, “साडेनऊला सुटणार तुमचा खेळ. मग आम्ही परत कसं यायचं, ते सांगा.” अंधारात बाईचा पाठलाग दाखवणारा चित्रपट रात्री साडेनऊला संपवायचा आणि बायकांना बोलायला बोलवायचं, यातली विसंगती तोवर कोणाला दिसली नव्हती.

संघटनेचा आक्षेप चुंबनाला आणि अंगप्रदर्शनाला होता. खुनांबद्दल त्यांच्या पत्रात एक वाक्यही नाही. चित्रपटातली मुलगी रात्री मित्रांबरोबर बाहेर का राहते, हा त्यांचा मुद्दा होता. हे नीट पाहिलं पाहिजे, कारण स्लॅशरवरची स्त्रीवादी टीका याच्या उलट टोकाला आहे: मोकळी वागली म्हणून मुलीला कथानक मरणाची शिक्षा देतं, हीच तर त्या टीकेची तक्रार. एकाला मुलगी मोकळी वागते याचा राग, दुसरीला त्याबद्दल तिला मारतात याचा राग. दोन्ही ‘विरोधक’ म्हणून एका पिशवीत भरले तर दोघांपैकी कोणालाच उत्तर देता येत नाही.

हा गोंधळ पूर्वीही झालेला आहे. १९८० च्या अखेरीस इंग्लंडमधल्या लीड्स शहरात खरोखरच स्त्रियांचे खून होत होते, बायकांना रात्री घराबाहेर पडू नका असं सांगितलं जात होतं आणि थिएटरांत बाईला भोसकणारे चित्रपट लागत होते. तिथल्या स्त्रीवादी गटांनी त्या थिएटरांवर निदर्शनं केली. थोड्याच काळात मेरी व्हाइटहाउस यांच्यासारख्या नीतिवादी मंडळींनी व्हिडिओवरच्या हिंसक चित्रपटांविरुद्ध वेगळी मोहीम चालवली आणि १९८४ मध्ये ब्रिटनमध्ये व्हिडिओंचं वर्गीकरण सक्तीचं करणारा कायदा आला. नंतरच्या आठवणीत दोन्ही आवाज मिसळून गेले. बायकांचा मूळ प्रश्न सुरक्षिततेचा होता, तो सभ्यतेच्या प्रश्नाखाली दबला.

तिसरा आक्षेप मंडळाच्या आतूनच आला. एमएस्सी करणारी एक सभासद. भयपट तिनं कार्यकारिणीतल्या सगळ्यांनी मिळून पाहिले नसतील इतके पाहिलेले. तिचं म्हणणं थोडक्यात होतं: “मला रक्ताचा त्रास नाही. कॅमेरा कुठं उभा आहे, त्याचा आहे.” या प्रकाराच्या चाहत्यांमध्ये ही तक्रार जुनी आहे. १९८० मध्ये अमेरिकन समीक्षक जीन सिस्केल आणि रॉजर ईबर्ट यांनी टीव्हीवरच्या आपल्या कार्यक्रमाचा अख्खा भाग बाईला सावज करणाऱ्या चित्रपटांविरुद्ध केला होता. दोघंही भयपटांचे वैरी नव्हते. ‘हॅलोवीन’ची त्यांनी त्याच भागात बाजू घेतली, कारण तो चित्रपट मुलीच्या बाजूनं उभा राहतो असं त्यांचं मत होतं.

चौथीचं म्हणणं याच्या अगदी विरुद्ध. पदवीच्या दुसऱ्या वर्षातली मुलगी म्हणाली की शेवटी जी वाचते, हत्यार उचलते, तिच्यासाठी आपण हे चित्रपट पाहतो, “आमच्या वतीनं कोणी नाराज होऊ नका.” तिलाही अभ्यासकांचा आधार आहे. कॅरल क्लोव्हर यांनी १९८७ च्या निबंधात या शेवटच्या मुलीला ‘फायनल गर्ल’ हे नाव दिलं आणि बहुतांशी तरुण पुरुषांचा प्रेक्षक शेवटी तिच्याच डोळ्यांनी पाहायला लागतो असं दाखवलं. पण त्याच निबंधात, याला स्त्रीवादाचा विजय समजू नका, असंही त्यांनी बजावलं होतं. चर्चेत पहिला अर्धा भाग सांगितला जातो आणि दुसरा गळतो.

विश्वस्तांना खुर्च्या-काचांची काळजी होती. ती रास्त आहे, पण तिला आक्षेप म्हणता येणार नाही.

आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. बायकांना भेटायला गेलेल्यांनी पहिला प्रश्न विचारला तो, “तुम्ही पिक्चर पाहिलाय का?” त्यांनी पाहिला नव्हता. संघटनेच्या लोकांनीही नव्हता. कार्यकारिणीच्या नऊपैकी सहा जणांनीही नव्हता. मग ही अट फक्त बायकांनाच का घातली गेली?

## समोरचे पर्याय

खेळ रद्द करणं सगळ्यात सोपं होतं आणि चार जण त्या बाजूनं होते. तोटा असा की धमकी देणाऱ्यांना हवं ते मिळालं असतं, विनंती करणाऱ्यांच्या हाती काहीच लागलं नसतं आणि गावभर ‘बायकांनी पिक्चर बंद पाडला’ असं झालं असतं. न केलेल्या मागणीचा दोष त्यांच्या माथी आला असता.

काही न बदलता, पोलिसांना कळवून खेळ करणं हा दुसरा पर्याय. यामागचा युक्तिवाद होता, ‘सेन्सॉरनं पास केलंय, मग हे कोण?’ प्रमाणपत्राचा अर्थ इथे चुकीचा लावला जात होता. ‘ए’ प्रमाणपत्र फक्त कोण पाहू शकतो ते ठरवतं, चित्रपटावर टीका करू नका असं सांगत नाही. शिवाय १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली १९९१ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतच स्त्रियांना हीन लेखणारी दृश्यं नकोत असं आहे. लैंगिक हिंसाचार टाळावा, आणि विषयासाठी आवश्यकच असेल तर तो कमीत कमी असावा, तपशिलानं दाखवू नये, असंही आहे. म्हणजे बायका विचारत होत्या तो प्रश्न खुद्द नियमांतच लिहिलेला आहे. वकील सभासदानं १९९६ च्या ‘बँडिट क्वीन’ निकालाची आठवण करून दिली: त्या चित्रपटातल्या नग्नतेच्या आणि बलात्काराच्या दृश्यांनी वासना चाळवत नाही, अत्याचार करणाऱ्यांची किळस येते, असं पाहून सर्वोच्च न्यायालयानं प्रमाणपत्र कायम ठेवलं होतं. दृश्य आहे की नाही एवढ्यावर न थांबता ते कोणाच्या बाजूनं उभं आहे, हे न्यायालयानं तपासलं.

चित्रपट बदलणं आणि फक्त सभासदांसाठी बंद दाराआड खेळ करणं हे पर्यायही निघाले. दुसऱ्यानं पत्र लिहिणाऱ्या बाहेर राहिल्या असत्या, म्हणून तो लगेच बाजूला पडला. पाच विरुद्ध चार मतांनी ठरलं ते असं: फ्लेक्स आजच काढायचे, खेळ दुपारी तीनला आणायचा, चित्रपटात काय आहे ते आधी लिहून द्यायचं, चर्चा वाढवायची, आणि तोवर तिघांनी चित्रपटाची मोजणी करायची.

## मोजणी

हा भाग तपशिलानं लिहायला हवा, कारण अशा वादात ‘मला असं वाटलं’च्या पुढे जायला दुसरा मार्ग नाही, आणि मोजणी चुकवणंही फार सोपं आहे.

तिघे बसले: ती एमएस्सीवाली, फायनल गर्लची बाजू घेणारी मुलगी आणि एक निवृत्त गणित शिक्षक. प्रत्येकानं वेगळं पाहायचं, वेगळा तक्ता भरायचा, मग ताडून बघायचं. रकाने: बळी कोण, धोक्याची सुरुवात आणि मृत्यू यांच्या वेळा, मारेकऱ्याच्या नजरेतून किती शॉट, बळीचा चेहरा दिसतो की नुसतं अंग, त्या वेळी अंगावर कपडे किती, आणि मेल्यानंतर त्या माणसाचं नाव चित्रपटात पुन्हा कोणी घेतं का. शेवटचा रकाना शिक्षकांनी सुचवला.

पहिली फेरी वाया गेली. धोका सुरू कधी झाला यावर तिघांची घड्याळं जुळेनात. एकानं पार्श्वसंगीत बदललं तिथून मोजलं, दुसरीनं मुलगी मागे वळून बघते तिथून. एका प्रसंगात हा फरक तीन मिनिटांचा होता. नियम ठरला: धोका आहे हे प्रेक्षकाला पहिल्यांदा कळतं त्या शॉटपासून. मारेकऱ्याच्या नजरेबद्दलही असंच. श्वासाचा आवाज येतो, कॅमेरा फांदीआडून पाहतो आणि मग मारेकरीच चौकटीत शिरतो. म्हणजे ती नजर त्याची नव्हतीच. असे शॉट वगळायचे ठरले. एक तास बावन्न मिनिटांचा चित्रपट थांबत थांबत मोजायला प्रत्येकाला साधारण पाच तास लागले.

याच मोजणीत दुसरी अडचण उघडी पडली. प्रमाणपत्रावर लांबी ११२ मिनिटं आणि हातातली फाइल ११७ मिनिटांची. असा फरक दिसला की आधी फ्रेमचा वेग, म्हणजे सेकंदाला किती चित्रं सरकतात ते बघावं. सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेमनं चालवलेला ११२ मिनिटांचा चित्रपट साडेचार मिनिटं कमी, म्हणजे साडेएकशेसातच्या आसपास येतो. इथे वेग दोन्हीकडे २४ च होता आणि फाइल उलट लांब होती. म्हणजे कोणत्या तरी दृश्यात भर होती. प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागात सुचवलेले बदल लिहिलेले असतात. ते ताडल्यावर कळलं की न्हाणीघरातला जो प्रसंग कापायला सांगितला होता, तो या फाइलमध्ये पूर्ण होता. ही ओटीटीवरची प्रत होती. ओटीटीवर वयोगट मंच स्वतः ठरवतात, तिथे सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागत नाही. थिएटर किंवा सभागृहातल्या जाहीर खेळाला मात्र लागतं, आणि प्रमाणित प्रतीत फेरफार करून दाखवणं हा कायद्यानं गुन्हा आहे. वितरकाची परवानगी घेतली होती, पण प्रत त्यांची नव्हती. ‘सेन्सॉरनं पास केलंय’ म्हणणारं मंडळ नेमका सेन्सॉरनं काढलेला भाग दाखवणार होतं. वितरकाकडून प्रमाणित प्रत मागवायला चार दिवस आणि जादा भाडं लागलं.

प्रमाणित प्रतीवरची जुळवलेली मोजणी अशी निघाली. खून नऊ: पाच पुरुष, चार स्त्रिया. म्हणजे ‘बायकांनाच मारतात’ हे चूक. पण धोक्यापासून मृत्यूपर्यंतचा वेळ पाचही पुरुषांचा मिळून सव्वाचार मिनिटं आणि चार स्त्रियांचा जवळपास सतरा. पुरुषांतला सगळ्यात लांब मृत्यू सव्वा मिनिटाचा, स्त्रियांतला आठ मिनिटांचा. मारेकऱ्याच्या नजरेतले शॉट अकरा, त्यांतले नऊ स्त्रियांकडे पाहणारे. मेलेल्या पाच पुरुषांपैकी चौघांची नावं नंतर कोणी ना कोणी घेतं. चार स्त्रियांपैकी एकीचंच.

## खेळ आणि चर्चा

दाराशी आणि गटावर एक छोटी नोंद दिली: चित्रपट सुरू होऊन सुमारे तासाभरानं एका स्त्रीचा पाठलाग आणि खून आहे, साधारण आठ मिनिटांचा, तेव्हा बाहेर जायचं असेल तर डावीकडचं दार उघडं राहील. पात्राचं नाव दिलं नाही, म्हणून रहस्य फुटलं नाही. पोलीस ठाण्यात प्रमाणपत्राची प्रत आणि बदललेली वेळ कळवली. संघटनेलाही लेखी उत्तर दिलं: कोणत्या दृश्याला आक्षेप आहे ते कळवा, चर्चेत मांडा. त्यांचे दोघे आले, बसले, चुंबनाच्या दृश्याबद्दल चिठ्ठी लिहून गेले. आंदोलन झालं नाही.

९६ लोक आले. अकरापैकी सात जणी आल्या. चर्चेत पहिली वीस मिनिटं त्यांची, पुढे प्रत्येकाला दोन मिनिटं असं ठरलं होतं. त्यांतल्या तिघी तेलुगूतूनच बोलणार होत्या, म्हणून तेलुगू येणाऱ्या एका ज्येष्ठ सभासदांना दुभाषी केलं. साठीच्या एक जणी उठून दोन मिनिटं न थांबता बोलल्या. दुभाष्यांनी सांगितलं, “यांना चित्रपट विशेष आवडला नाही.” मागून एक विद्यार्थिनी उभी राहिली. “काका, त्या असं नाही म्हणाल्या. त्या म्हणाल्या, मारताना तिचं तोंड दाखवलं, मारणाऱ्याचं झाकून ठेवलं. मग लाज कोणी वाटून घ्यायची?” मोजणीच्या तक्त्यात चेहऱ्याचा रकाना होता, पण तो फक्त बळीच्या चेहऱ्याचा. मारेकऱ्याचा चेहरा कोणी विचारलाच नव्हता.

मोजणीलाही उत्तर मिळालं, आणि तेही चांगलं. फायनल गर्लवाली मुलगी, जिनं स्वतः तक्ते भरले होते, म्हणाली की बाईच्या भीतीला सतरा मिनिटं दिली कारण चित्रपटाला तिच्या भीतीची पर्वा आहे. पुरुष पटापट मरतात कारण त्यांच्यात कोणाला रस नाही. हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. नुसते सेकंद काहीच सिद्ध करत नाहीत. आमचं मत असं की ते नावाच्या रकान्यासोबत वाचावे: जिची आठ मिनिटं भीती पाहायला लावली, तिची पुढच्या चाळीस मिनिटांत कोणाला आठवणही येत नसेल, तर ती पर्वा तिची नव्हती, तिच्या ओरडण्याची होती. शेवटी वाचणाऱ्या मुलीला हा हिशेब लागू होत नाही आणि तिच्यापुरतं त्या विद्यार्थिनीचं खरं आहे.

कोणीतरी २०१७ मध्ये आलेल्या मराठी ‘लपाछपी’चा दाखला दिला. त्यात गरोदर बाईवर संकट आहे, स्त्रीभ्रूणहत्या हाच विषय आहे, तरी बघताना आपण तिच्या जागी असतो. एका अक्कानं तो पाहिलेला होता, तिनं मान हलवली आणि म्हणाली, “तिथं कोण वाईट, ते कळतं.”

चर्चा पावणेसहाला थांबवली, कारण सगळ्यांना उजेडात घरी पोचायचं होतं. एकमत झालं नाही.

## निष्पन्न काय झालं

तीन सभासदांनी ‘दबावापुढे झुकलो’ म्हणत राजीनामे दिले. त्यांतले एक परत आले. ज्यानं फ्लेक्स बनवला त्याच्यावर सगळं ढकलायचा प्रयत्न झाला. ते योग्य नव्हतं, कारण छापण्याआधी ते चित्र कार्यकारिणीच्या गटावर होतं आणि पाच जणांनी अंगठा वर केला होता. मंडळानं पूर्व भागात जाऊन दिलगिरी व्यक्त केली, लेखी. आता जाहिरातीला अधिकृत पोस्टरच वापरतात. महिन्याआड एक खेळ दुपारचा असतो. प्रत आली की प्रमाणपत्राची लांबी आणि दुसरा भाग ताडून सचिव सही करतात. स्त्रियांच्या मृत्यूंचा तक्ता पोलिसपट आणि सूडपटांनाही लावायला सुरुवात झाली आहे, मारेकऱ्याच्या चेहऱ्याचा रकाना वाढवून.

## वेगळं काय करता आलं असतं

पत्राचा फोटो पहिल्याच दिवशी गटावर टाकला असता तर निम्मा वाद झाला नसता. सारांश लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. त्याच्या मनात बाईचा आक्षेप म्हणजे बंदीच, एवढं आधीच ठरलेलं होतं. म्हणून आता आलेलं पत्र जसंच्या तसं आधी पाठवायचं आणि मत नंतर, असा नियम आहे.

मोजणी चित्रपट निवडतानाच व्हायला हवी होती. आक्षेप आल्यावर मोजायला बसलं की ती बचावासाठी किंवा हल्ल्यासाठी केल्यासारखी दिसते, आणि इथेही दोन सभासदांनी तसं म्हटलंच.

दुभाषी निवडताना फक्त भाषा पाहिली. त्या ज्येष्ठ सभासदांनी खोटं सांगितलं नाही. भरल्या सभेत बाईच्या तोंडचं कडक बोलणं सौम्य करून सांगायची त्यांना सवय होती. बोलणाऱ्या बायकांनाच आपला दुभाषी निवडू द्यायला हवा होता, आणि मागून उठून नेमकं सांगणाऱ्या त्या विद्यार्थिनीला या कामाचं मानधनही द्यायला हवं होतं. ती त्या दिवशी फुकट उभी राहिली.

सातांपैकी दोघींना सभासद व्हायचं आहे. हजार विड्या वळून दिवसाची मजुरी घेणाऱ्या बाईला एकदम सहाशे रुपये जड जातात. हप्त्यानं घ्यायचे की निम्मे करायचे, हा विषय पुढच्या वार्षिक सभेत ठेवला आहे.